सीव्हीटीची गाडी गोव्याच्या रस्त्यांवर कशी चालवावी, सांभाळावी आणि पारखून घ्यावी

वर्षानुवर्षे गिअरची गाडी चालवलेला माणूस सीव्हीटीची, म्हणजे ठरावीक गिअर नसून प्रमाण सलग बदलत राहणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी घेतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याची तक्रार ठरलेली असते: गाडी ओरडते, पण पळत नाही. कुठ्ठाळीहून वेर्ण्याकडे चढताना पुढच्या ट्रकला मागे टाकण्यासाठी तो एक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा झटकन पाच हजारांच्या आसपास जाऊन तिथेच ठाण मांडतो, आवाज एकसुरी होतो आणि वेग मात्र आपल्या सवडीने वाढत राहतो. गिअरबॉक्समध्ये काहीतरी बिघडले आहे, अशी शंका घेऊन गॅरेजमध्ये आलेल्या अशा बऱ्याच गाड्या पूर्णपणे ठणठणीत असतात. उलट, खरोखर बिघडत चाललेली सीव्हीटी पुष्कळदा इतकी मऊ चालत राहते की मालकाला उशिरापर्यंत सुगावा लागत नाही. निरोगी गाडीचा स्वभाव कोणता आणि आजाराचे लक्षण कोणते, हे पायाला आणि कानाला कळू लागले की पुढची बरीच डोकेदुखी आणि बराच खर्च टळतो.

खरे तर ही यंत्रणा गोव्यात कोणाला नवी नाही. १९८०च्या दशकात आलेल्या कायनेटिक होंडापासून आजच्या अ‍ॅक्टिव्हापर्यंत पेट्रोलवर चालणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटर याच तत्त्वावर धावतात. इंजिनाकडे एक पुली, मागच्या चाकाकडे दुसरी आणि दोहोंवर रबरी बेल्ट, अशी ती रचना असते. पुलीच्या दोन्ही तबकड्या आतून शंकूसारख्या उतरत्या असल्यामुळे त्या जवळ आल्या की बेल्ट कडेकडे सरकतो आणि दूर गेल्या की मध्याकडे बुडतो. एका पुलीवर बेल्टचे वर्तुळ मोठे होते तेव्हा दुसरीवर ते लहान होते आणि त्यातून पहिल्या गिअरपासून शेवटच्या गिअरपर्यंतचे सगळे प्रमाण कुठेही पायरी न घेता मिळते. स्कूटर जोरात सोडली की आधी इंजिन एका सुरात गुरगुरते आणि वेग मागाहून जमतो, हे आपण रोज ऐकतो आणि त्याबद्दल कधी तक्रार करत नाही. तोच आवाज मोटारीतून आला की मात्र आपण दचकतो.

मोटारीत हे तत्त्व बाजारात यशस्वीपणे आणले ते नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने. १९५८ साली तिने दाखवलेल्या ‘डाफ ६००’ या छोट्या गाडीत हब व्हान डोर्न यांनी तयार केलेली रबरी बेल्टची सीव्हीटी होती. ही गाडी पुढे जितक्या वेगाने जाई तितक्याच वेगाने मागेही जाऊ शके, त्यामुळे पुढे त्या देशात या गाड्यांच्या उलट्या शर्यतीसुद्धा लागल्या. आजच्या बहुतेक सीव्हीटी मोटारींत रबराच्या जागी पोलादी बेल्ट असतो. शेकडो पातळ पोलादी तुकडे एकामागे एक उभे करून ते दोन्ही बाजूंनी लवचीक पोलादी कड्यांत ओवलेले असतात, आणि विशेष म्हणजे हा बेल्ट मुख्यतः ओढून नव्हे तर ढकलून जोर पोचवतो. पुलीच्या तबकड्या ऑइलच्या दाबाने त्याला दोन्हीकडून चिमटीत धरतात. पोलादाला पोलाद घासू नये इतके वंगण त्या ऑइलने द्यायचे आणि तरीही बेल्ट निसटू नये इतकी पकडही राखायची, अशी परस्परविरोधी दोन कामे एकाच ऑइलकडून करून घेतली जातात. सीव्हीटीच्या टिकाऊपणाबद्दल पुढे जे काही सांगायचे आहे, त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

पायाची सवय

एक्सिलरेटर दाबला की गाडीचा संगणक आधी ठरवतो की एवढी ताकद मिळवण्यासाठी इंजिनाला किती फेऱ्यांवर न्यायला हवे. तो पुलीचे प्रमाण बदलून इंजिनाला तिथे नेतो आणि तिथेच ठेवून हळूहळू प्रमाण पुढे सरकवत गाडीचा वेग वाढवतो. रबर ताणून सोडल्यासारखा जो अनुभव येतो, तो या क्रमामुळे. कामगिरीच्या दृष्टीने ही पद्धत उत्तमच आहे. १९९३ साली विल्यम्स संघाने आपल्या फॉर्म्युला वनच्या गाडीत सीव्हीटी बसवून चाचणी घेतली होती; पुढच्या हंगामाच्या नियमांनी तो मार्गच बंद करून टाकला. आपल्या कानांना मात्र चढत-उतरत जाणाऱ्या सुराची सवय असते. म्हणूनच हल्ली बऱ्याच कंपन्या संगणकाकडून सहा किंवा सात खोट्या पायऱ्या करवून घेतात, जेणेकरून गिअर पडल्यासारखे वाटावे.

चालवताना पहिली गोष्ट अशी की एक्सिलरेटर एकदम न दाबता तो एक-तृतीयांशापर्यंत सावकाश न्यावा आणि तिथे स्थिर धरावा. इंजिन दोन ते अडीच हजार फेऱ्यांत राहते, गाडी बिनबोभाट वेग घेते आणि पेट्रोलही कमी जाते. हवा तो वेग आला की पाय किंचित उचलावा. प्रमाण लगेच पुढे सरकते, काटा खाली येतो आणि केबिन शांत होते. पणजी ते म्हापसा एवढा रस्ता ही सवय लागायला पुरेसा आहे, आणि पर्वरीत गर्दी लागली तर थोडा जास्तच पुरतो.

ओव्हरटेक करताना मात्र तयारी आधीपासून हवी. समोरचा रस्ता मोकळा दिसण्याच्या दोन-तीन सेकंद आधी लिव्हर ‘एस’वर (स्पोर्ट) न्यावा किंवा स्टिअरिंगमागे पॅडल असल्यास एक-दोन पायऱ्या खाली उतरावे, म्हणजे इंजिन जोराच्या फेऱ्यांवर अगोदरच तयार राहते. बाहेर पडल्यावर पाय तळाशी टेकवून वाट पाहणे हीच सर्वांत वाईट पद्धत. जो क्षण हवा असतो तो रबर ताणण्यात निघून जातो. आमच्याकडच्या अरुंद दुपदरी रस्त्यांवर समोरून कदंब बस येत असताना त्या एका क्षणाची किंमत काय असते, ते सांगण्याची गरज नाही.

चढ, उतार आणि फेरीबोट

चोर्ला, अनमोड किंवा करमळ घाट चढताना सीव्हीटीची खरी परीक्षा होते ती उष्णतेची. चढावर बेल्टवर भार जास्त, वेग कमी आणि त्यामुळे समोरून लागणारे वारेही कमी असते. गाडी भरलेली असेल तर ‘डी’मध्येच सतत पाय कमी-जास्त करत बसण्यापेक्षा ‘एस’ किंवा ‘एल’ (लो) घेऊन एका लयीत चढावे; प्रमाण वारंवार मागे-पुढे होणे थांबते. वळणावर ट्रक अडकून रांग लागली, तर एक्सिलरेटरच्या जोरावर गाडी चढावर तरंगत ठेवू नये. ही सवय गिअरच्या गाडीत क्लच जाळते आणि सीव्हीटीत ऑइल तापवते. ब्रेकवर पाय ठेवावा, थांबणे लांबले तर हँडब्रेक ओढावा.

काही गाड्यांत ऑइल मर्यादेबाहेर तापले की डॅशबोर्डवर दिवा लागतो किंवा संगणक ताकद कमी करतो आणि गाडी अचानक मरगळल्यासारखी होते. अशा वेळी सुरक्षित जागा पाहून बाजूला घ्यावे, लिव्हर ‘पी’वर ठेवावा आणि इंजिन लगेच बंद न करता चालू ठेवावे. ऑइलचा पंप इंजिनावरच चालतो, त्यामुळे इंजिन चालू असेल तोवर ऑइल फिरत राहते आणि निवते. मात्र इंजिनाच्याच तापमानाचा काटा लाल रेषेकडे गेलेला असेल, तर प्रश्न वेगळा आहे आणि इंजिन बंद करणेच योग्य. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल इंजिनाच्या कूलंटकडूनच थंड केले जाते. कूलंटकडे दुर्लक्ष केले की त्याचे बिल पुढे गिअरबॉक्स फाडतो.

उतरताना प्रश्न उलटा असतो. ‘डी’मध्ये पाय उचलला की सीव्हीटी पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिनाला कमीत कमी फेऱ्यांवर आणू पाहते आणि इंजिनाचा ब्रेक जवळजवळ जाणवत नाही. घाट उतरण्याआधीच ‘एल’, ‘बी’ किंवा ‘एस’ यांपैकी जे असेल ते घ्यावे. पेट्रोल वाचेल म्हणून ‘एन’वर गाडी सोडून उतरणारे लोक अजूनही भेटतात, ते इंजिनाचा ब्रेक गमावतात, ब्रेकचे लायनर तापवतात आणि वाचवत काहीच नाहीत, कारण आजच्या गाड्यांत गिअरमध्ये पाय उचलला की पेट्रोलचा फवारा आपोआप थांबतो.

रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणाऱ्यांना फेरीबोटीचा धक्का रोजचा असतो. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि बोटीतून बाहेर पडताना पुढची चाके तिथे घसरतात. घसरलेले चाक मोकळे गरगर फिरत असताना कोरड्या सिमेंटवर येऊन एकदम पकडते, तेव्हा तो झटका थेट बेल्टवर जातो. त्या क्षणी बेल्ट निसटला तर पुलीवर ओरखडा उमटतो आणि तो पुसला जात नाही. म्हणून अशा जागी पाय अगदी हलका ठेवावा, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू नये, आणि पुढच्या गाडीने धक्का पूर्ण चढेपर्यंत मागे थांबावे, म्हणजे आपल्याला मध्येच थांबावे लागणार नाही. ओल्या तांबड्या मातीचेही तेच आहे. समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत रुतलेल्या पर्यटकांच्या गाड्यांत चाके फिरवून फिरवून गाडी काढण्याचा जो प्रयत्न चाललेला दिसतो, तो सीव्हीटीवरचा सर्वांत क्रूर प्रयोग म्हणावा लागेल. किनाऱ्यावर गाडी नेणे बेकायदा आहे, हे तर वेगळेच.

पणजीत आल्तिनोच्या उतारावर गाडी उभी करताना क्रम असा ठेवावा: ब्रेक दाबून ठेवावा, लिव्हर ‘एन’वर घ्यावा, हँडब्रेक ओढावा, पाय सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यावी आणि मगच ‘पी’ लावावा. थेट ‘पी’ लावून पाय काढला की गाडीचा सगळा भार आतल्या लहानशा खुंटीवर येतो आणि निघताना खट्कन आवाज येतो. ‘आर’मधून ‘डी’मध्ये जाताना गाडी पूर्ण थांबलेली असावी, हेही याच जातीतले पथ्य.

ऑइलच्या बाबतीत कंजुषी नको

काही कंपन्या सीव्हीटीचे ऑइल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे सुचवतात, तर काही ठरावीक किलोमीटरनंतर बदलायला सांगतात. गाडीचे पुस्तक उघडून ‘कठीण परिस्थितीतील वापर’ या शीर्षकाखाली दिलेले वेळापत्रक पाहावे, कारण दमट उष्ण हवा, घाट, चवथीतली आणि नाताळातली तासन्‌तास सरकत जाणारी गर्दी हे सगळे तिथेच मोडते. माझा स्वतःचा नियम ४० हजार किलोमीटरचा आहे. तो कोणाला फार काटेकोर वाटेल. पण ऑइलचा खर्च आणि नव्या गिअरबॉक्सचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहिल्यावर मला तो जड वाटत नाही.

कोणते ऑइल, हा प्रश्न किलोमीटरपेक्षाही महत्त्वाचा आहे. साध्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल सीव्हीटीत चालत नाही, आणि एका कंपनीचे सीव्हीटी ऑइल दुसरीत चालेलच असे नाही. होंडाच्या अलीकडच्या गाड्यांना एचसीएफ-२, निसानला एनएस-३, टोयोटाला एफई अशी ठरावीक मानके आहेत; डब्यावरचे मानक पुस्तकातल्या मानकाशी अक्षर न्‌ अक्षर जुळले पाहिजे. माझ्या आधीच्या गाडीत एका गॅरेजने ‘सगळे ऑटोमॅटिक ऑइल सारखेच’ असे म्हणत दुसरेच ऑइल भरले होते. पंधरा दिवसांत वीस-तीसच्या वेगाला गाडी खडबडीत रस्त्यावरून जात असल्यासारखी थरथरू लागली. योग्य ऑइल तीन वेळा बदलून भरल्यावर थरथर गेली खरी, पण ती माझ्या नशिबाने.

बदलण्याची पद्धतही समजून घ्यावी. खालचा बोल्ट काढून ऑइल सोडले, तर साधारण निम्मेच बाहेर येते. उरलेले टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग), पुली आणि वाहिन्यांत राहते. त्यामुळे बराच काळ दुर्लक्षित गाडीत थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा बदलणे चांगले. मशीनने दाब देऊन आतून धुऊन काढण्याचा आग्रह मेकॅनिकने धरला, तरी गाडीच्या कंपनीची शिफारस नसल्यास तो मानू नये. पुष्कळ गाड्यांत पातळी पाहण्याची पट्टी नसते आणि ठरावीक तापमानाला पातळी मोजावी लागते. हे काम स्कॅनर नसलेल्या गॅरेजमध्ये नीट होत नाही. खालचे पॅन उघडल्यास त्यातल्या चुंबकावर बारीक करड्या लगद्याचा थर दिसतो, तो नेहमीचा समजावा. बोटाला टोचणारे चकचकीत कण मात्र धोक्याची सूचना आहेत.

वापरलेली गाडी घेताना

विक्रीच्या जाहिरातीत ‘ऑटोमॅटिक’ हा एकच शब्द चार वेगवेगळ्या यंत्रणांसाठी वापरला जातो, म्हणून आधी नेमके काय आहे ते विचारावे. निसान मॅग्नाइटच्या टर्बो इंजिनाबरोबर सीव्हीटी येते, तर साध्या इंजिनाबरोबर एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप बदलणारा साधा गिअरबॉक्स. किया सेल्टॉसच्या १.५ लिटर साध्या पेट्रोल इंजिनाला सीव्हीटी, टर्बोला दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आणि डिझेलला टॉर्क कन्व्हर्टरचा पारंपरिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. बलेनोत २०२२ पूर्वी सीव्हीटी होती, त्यानंतर एएमटी आली. लिव्हरवर ‘पी’ नसेल तर ती बहुधा एएमटी असते, ही सोपी खूण. हायरायडर, ग्रँड व्हिटारा किंवा हायक्रॉसच्या स्ट्राँग हायब्रिडवर ‘ई-सीव्हीटी’ असे नाव दिसते, पण तिच्यात बेल्टही नसतो आणि सरकत्या पुल्याही नसतात. ग्रहमालेसारखी दातेरी चक्रे आणि विजेच्या मोटारी मिळून ते काम करतात, त्यामुळे या लेखातली बेल्टची भीती तिथे लागू होत नाही.

सीव्हीटीबद्दलची बदनामी पूर्ण निराधार नाही. निसानला अमेरिकेत २००३ ते २०१० या काळातल्या आपल्या सीव्हीटी गाड्यांची गिअरबॉक्सची वॉरंटी दहा वर्षे किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवून द्यावी लागली होती. मात्र त्या अनुभवावरून आज आपल्याकडे फिरणाऱ्या प्रत्येक सीव्हीटीला एकाच तराजूत तोलणे चुकीचे आहे. ऑइल वेळेवर बदललेल्या आणि शांतपणे चालवलेल्या गाड्या लाख-दीड लाख किलोमीटरनंतरही कुरकुर न करता चालताना मी पाहिल्या आहेत. त्यामुळे मी मॉडेलच्या नावापेक्षा सर्व्हिसचा कागद आधी मागतो. गोव्यात आणखी एक चौकशी करावी: ही गाडी कधी काळ्या पाटीवरच्या पिवळ्या अक्षरांखाली, म्हणजे रेंट-अ-कारमध्ये होती का. कागदपत्रांतील जुनी नोंद ते सांगते. तशी गाडी वाईटच असते असे नाही, पण तिच्या एक्सिलरेटरवर आजवर किती अनोळखी पाय पडले, याचा हिशेब कोणाकडेच नसतो.

चाचणीसाठी गाडी थंड असतानाच जावे. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावे. ‘पी’मधून ‘आर’ आणि ‘डी’ घेतल्यावर गाडीने सेकंद-दीड सेकंदात हलका आधार घेतला पाहिजे. त्याहून उशीर किंवा ठोका असेल तर दाब कमी पडत असण्याची शक्यता असते. मग पंधरा ते चाळीसच्या वेगात अगदी हळू पाय देत जावे आणि थरथर जाणवते का ते पाहावे. रेडिओ बंद ठेवून, खिडक्या लावून ऐकावे: इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलणारी गुणगुण बहुधा स्वाभाविक असते, पण गाडीच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिटी बेअरिंगकडे बोट दाखवते. शेवटी एखाद्या चढावर, इंजिन पूर्ण गरम झाल्यानंतर, मध्यम जोर द्यावा. फेऱ्या क्षणभर उसळून पुन्हा खाली बसल्या आणि वेग तेवढाच राहिला, तर बेल्ट निसटतो आहे. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

पावसाळा आणि टोइंग

जून ते सप्टेंबर या महिन्यांत पाणी तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढली असेल, तर गिअरबॉक्सच्या हवा सोडणाऱ्या नळीतून पाणी आत गेल्याची शक्यता लक्षात ठेवावी. ऑइल चहात दूध पडल्यासारखे दिसले तर गाडी एक फर्लांगही न चालवता ते बदलून घ्यावे.

रस्त्यात बंद पडलेली सीव्हीटी दोरीने बांधून ओढू नये. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, वंगण मिळत नाही आणि चाके मात्र आतले भाग फिरवत राहतात. फ्लॅटबेड मागवावा, किंवा निदान चालती चाके जमिनीवरून उचललेली असावीत. विमा घेताना रोडसाइड असिस्टन्समध्ये फ्लॅटबेड मिळतो का, हे आधीच विचारून ठेवावे, कारण मोले किंवा केरीसारख्या ठिकाणी रात्री अकरा वाजता ही चौकशी करणे सोपे जात नाही.

गॅरेजने ‘गिअरबॉक्स गेला, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल’ असे सांगितले, तरी होकार देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: स्कॅनरवर आलेले दोषांचे कोड, ऑइलची पातळी व स्थिती, आणि इंजिन माउंटची (इंजिन ज्यावर बसते त्या रबरी आधारांची) तपासणी. झिजलेल्या माउंटमुळे येणारा ठोका, अशक्त बॅटरीमुळे गोंधळलेला संगणक किंवा व्हॉल्व्ह बॉडीतला (ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या भागातला) एखादा खराब सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, यांची लक्षणे खराब बेल्टसारखीच भासू शकतात. व्हॉल्व्ह बॉडी बदलली, तर स्कॅनर जोडून संगणकाला नव्या भागाची ओळख करून देण्याची प्रक्रिया झाली की नाही, हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून बिलावर तसे लिहून घ्यावे.